अकराऐवजी चारशे त्र्याण्णव

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तेव्हा कुणी कारण विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, फार पुढं पुढं करते. खरं कारण एवढंच की तिला नंबर पाठ होते.

नंबर म्हणजे रोगांचे नंबर. ऐंशी सालानंतरची गोष्ट. पिरंगुट-उरवड्याकडं कारखाने येऊ लागले होते आणि तीन-चार कारखान्यांच्या कामगारांसाठी मिळून रस्त्याकडेला एक दवाखाना होता. वर पत्रे, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात एक खिडकी आणि खिडकीमागं मी. नोंदणी कारकून. घोटावड्यातून मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी, आणि हे मी कुणी विचारो न विचारो, सगळ्यांना सांगत असे. डॉक्टर आत तपासायचे, चिठ्ठीवर इंग्रजीत रोगाचं नाव खरडायचे. ते नाव मी एका जाड पुस्तकात शोधायची आणि त्याच्यापुढचा नंबर रोग्याच्या कागदावर आणि रजिस्टरात घालायची. पुण्याच्या विमा कचेरीला नावाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना नंबर लागायचा. रजा मंजूर करायची की नाही, केली तर किती, सगळं त्या नंबरावर ठरायचं.

ते पुस्तक म्हणजे माझं राज्य होतं. डॉक्टरांनासुद्धा ते उघडता येत नसे, म्हणजे येत असेल, पण कंटाळा करायचे. "बाई, याचा नंबर काय हो?" असं त्यांनी आतून ओरडून विचारलं की माझी कॉलर ताठ. मी मुद्दाम दोन पानं जास्त उलटायची आणि मग सांगायची.

आणि ही आली पौडहून. वडिलांचं तिथल्या बाजारपेठेत किराण्याचं दुकान. घरात मराठीच बोलायचे, आणि हिची मराठी तर अशी की मला माझीच लाज वाटावी. डोक्यावरून ओढणी, हातात शाईचं पेन, अक्षर छापल्यासारखं. सहा महिन्यांच्या मुदतीवर घेतलेली. काम पटलं तर कायम करायचं, नाहीतर रामराम. मी तिला पुस्तक दिलं आणि म्हटलं, "सावकाश बघ. हे काही लगेच जमत नाही. मला वर्ष लागलं होतं." चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आतून विचारलं, "बाई, हर्नियाचा नंबर?" मी पुस्तकाकडं हात नेतेय तोवर ही चिठ्ठ्या लावता लावता, मान वर न करता, नंबर सांगून मोकळी. मी पुस्तक उघडून बघितलं. बरोबर होता मेला.

डॉक्टर आतून म्हणाले, "शाब्बास बेटा." मला सहा वर्षांत ते एकदाही बेटा म्हणाले नव्हते. बाईच्या पुढं माझी मजल कधी गेली नाही. त्या दिवशी मी डबा अर्धा परत आणला. आई म्हणाली, "काय झालं गं? भाजी खारट हुती का?" मी म्हटलं, "व्हय, लई खारट हुती." बिचारीनं दुसऱ्या दिवशी मीठच घातलं नाही.

आता आमच्याकडच्या नंबरांची एक गंमत सांगायला हवी, गंमत कसली, त्यातच सगळं आहे. क्षयाचा नंबर शून्य-अकरा. पुण्यात बसून ज्यांनी हे नंबर वापरायला सांगितले त्यांना वाटलं असेल, नंबर घातला की रोग झाकला जाईल. आमच्या दवाखान्यात उलटं झालं. कागद आत कंपाउंडरकडं सरकवताना मी नंबर ओरडून सांगायची, म्हणजे तो गोळ्या काढून ठेवील. खिडकीपुढं रांग उभी. रांगेतल्या माणसांना दुसरा उद्योग काय? कुणाला कुठल्या नंबरावर कुठली गोळी मिळते, हे त्यांनी महिन्याभरात ओळखलं. मग कारखान्याच्या कँटीनमध्ये बोलणी सुरू झाली. "त्यो अकरा नंबरचा हाय. त्येच्या गिलासात पाणी पिऊ नगस." टीबी हा शब्द माणसं चोरून बोलायची, पण अकरा नंबर राजरोस बोलायची. पोरीबाळींच्या सोयरिकी अकरा नंबरावरून मोडायला लागल्या.

मग लोक माझ्या खिडकीशी वाकून, तोंड जवळ आणून म्हणू लागले, "बाई, अकरा नगं. दुसरं काय बी घाला."

आणि मी घालायची. हे लपवत नाही. दम्याचा नंबर चारशे त्र्याण्णव. दमा कुणालाही असतो, दम्यानं कुणाचं लग्न मोडत नाही. डॉक्टर चिठ्ठीवर क्षय लिहायचे, मी कागदावर चारशे त्र्याण्णव टाकायची, आणि कंपाउंडरला खूण करायची की गोळ्या मात्र क्षयाच्याच दे. डॉक्टर दुपारी गठ्ठ्यावर सह्या करायचे, न वाचता. औषध बरोबर जातंय, माणसाची अब्रू राहतेय, कुणाचं काय बिघडलं? असं मला वाटायचं. आणि खरं सांगू का, मला आवडायचं ते. माणसं हात जोडून माझ्यापुढं उभी राहायची आणि मी त्यांना बरा रोग द्यायची.

ती येऊन दोन-तीन आठवडे झाले असतील, तेव्हा उरवड्याची एक बाई आली. नवरा ओतकामाच्या कारखान्यात, त्याच्या थुंकीचा रिपोर्ट पुण्याहून आलेला. क्षय निघाला होता. नवरा व्हरांड्याच्या पायरीवर खोकत बसला होता आणि ही खिडकीशी. नणंदेची सोयरीक ठरलेली, वैशाखात लग्न, आणि नवरामुलगा त्याच कारखान्यात कामाला. "बाई, तुमच्या पाया पडते. अकरा घातला की त्येला सांजच्याला कळंल. पोरीचं वाटोळं हुईल." तिनं खिडकीच्या गजातून माझा हात धरला.

मी चारशे त्र्याण्णव घातला.

ही पौडची माझ्या शेजारी बसून चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम करत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, चिठ्ठीवर तर वेगळं आहे. आणि रिपोर्ट टाचणीनं लावलाय की कागदाला."

"मला दिसतं," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे, एकाच कागदावर रिपोर्ट अकराचा आणि नंबर चारशे त्र्याण्णवचा. उद्या कुणी बघितलं तर..."

"सहा वर्षं कुणी बघितलं नाही. तुला येऊन चार दिवस झाले नाहीत, मला शिकवतेस?"

तिनं पुढची चिठ्ठी उचलली. एक शब्द उलट बोलली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिनं पेन उघडलं तरी आणि मिटलं तरी. रोगी खिडकीशी आले की आधी इकडंतिकडं बघायचे. मला कळायचं, तिला शोधताहेत. एक म्हातारा तर मला तोंडावर म्हणाला, "त्या बारक्या बाई न्हाईत का आज? त्या लई नीट सांगत्यात." मी म्हटलं, "मी वाकडं सांगते का?" बिचारा काठी टेकत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी ती असताना आला. ती घरून शेवया आणायची, ईदेला आणि एरवीही, सगळ्यांना वाटायची. मी म्हणायची मला गोड चालत नाही, आणि ती गेल्यावर कंपाउंडरच्या वाटीतल्या चार चमचे खायची. चांगल्या असायच्या. तेही सहन व्हायचं नाही.

दिवाळीच्या सुमारास उरवड्याच्या त्या माणसाला खोकताना रक्त पडलं आणि त्याला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं. तिथल्या कागदावर अर्थातच शून्य-अकरा पडला. महिन्याभरानं विमा कचेरीतून त्याची फाईल आमच्याकडं परत आली. वर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं: एकाच रोग्याचे दोन कागद, दोन नंबर. कोणता खरा ते कारणासह लेखी कळवावे. तोवर रजा मंजूर नाही.

ह्याचा अर्थ आमच्या खिडकीमागं बसणाऱ्याला बरोबर कळतो. दम्याला रजा थोडी. त्याची ती कधीच संपली होती. क्षयाला मात्र लांब रजा, आणि तोवर नोकरीवरून काढता येत नाही. अकरा ठरला तर माणूस बरा होऊन कामावर जाणार. चारशे त्र्याण्णव राहिला तर कारखाना बिनरजेचा गैरहजर म्हणून नाव कमी करणार. उत्तराला पंधरा दिवस.

एका ओळीचं उत्तर होतं. आमचा नंबर चुकीचा, हॉस्पिटलचा बरोबर. खाली सही. माझी.

मी ती फाईल खालच्या ड्रॉवरमध्ये कोऱ्या फॉर्मांच्या खाली ठेवली.

का ठेवली, ह्याची मी बरीच कारणं पुढं लोकांना नाही पण स्वतःला सांगितली. चौकशी लागेल, डॉक्टर ओरडतील, नोकरी जाईल. ती सगळी खरी होती. पण ड्रॉवर ढकलताना माझ्या मनात ह्यातलं काहीच नव्हतं. मनात तिचं तोंड होतं. मी चूक झाली असं लिहिलं की ती बरोबर ठरणार होती. डॉक्टर म्हणणार, बेटा, तुला आधीच कळलं होतं? आणि ती मान खाली घालून काहीच बोलणार नाही. ते तिचं न बोलणं मला नको होतं. एका माणसाची भाकरी त्या ड्रॉवरमध्ये होती आणि मी तिच्यावर कोरे फॉर्म रचून वर कुलूप लावलं. मत्सर म्हणतात तो हाच, दुसरं नाव नाही त्याला.

त्याची बायको दर दोन दिवसांनी यायची. उरवड्याहून चालत. "बाई, कारखान्याचा कागद आलाय. हजर व्हा न्हाईतर नाव काढतो म्हंत्यात. पुन्याहून काय आलं का?"

"येईल येईल. सरकारी काम आहे, वेळ लागतो."

"त्यो तर अंथरुनातनं उठंना झालाय, हजर कुटनं व्हणार? आमचं शेत न्हाई बाई. धा शेरडं हायेत, त्येवढ्यावर काय हुतंय?"

"सांगितलं ना, येईल म्हणून!"

ती गेली की शेजारी पेनाचा आवाज थांबलेला असायचा. मी तिकडं बघायची नाही.

नवव्या दिवशी मी रजेवर होते, घरी मामेभावाचं काहीतरी होतं. ड्रॉवरची किल्ली तिच्याकडं देऊन गेले. फॉर्म लागतात ना रोज. दिली तेव्हा मला आठवलं नाही म्हणू? आठवलं होतं. मी तिला म्हटलं, वरचे वरचे घे, खाली उचकू नको. असं सांगितल्यावर कोण उचकणार नाही?

दुसऱ्या दिवशी आले तर फाईल टेबलावर, माझ्या खुर्चीसमोर. आणि तिच्यापुढं आमचं रजिस्टर उघडं. खिडकी अजून उघडली नव्हती.

"तू माझ्या ड्रॉवरमध्ये हात घातलास," मी म्हटलं. आवाज चढलाच. "कुणाला विचारून? काल आलेली पोर तू, डॉक्टरांनी डोक्यावर घेतली म्हणून काय झालं? जा, सांग जा आत. बाईंनी फाईल दाबली म्हणावं. तेच पाहिजे ना तुला? ही खुर्ची पाहिजे ना?"

तिचे डोळे भरून आले, पण आवाज नीट होता. "खुर्चीचं नंतर बघू, ताई. आधी हे बघा. असे आणखी सात आहेत, अजून गोळ्या चालू असलेले."

तिनं रजिस्टर माझ्याकडं वळवलं. एका कागदावर तिनं सात नोंदी उतरवल्या होत्या. चारशे त्र्याण्णव, गोळ्या क्षयाच्या. माझे सातही बरे रोग. एका दिवसात शोधून काढले होते तिनं, सहा वर्षांच्या रजिस्टरातून.

"तुम्ही लिहून दिलंत की रोग्याच्या सांगण्यावरून मुद्दाम नंबर बदलला, तर ते सगळं रजिस्टर तपासायला नेतील. मग ह्या सातांच्याही रजा अडकतील. आणि नाही लिहिलं तर उरवड्याच्या भाऊंची नोकरी जाते. म्हणून ही चूक एकच पाहिजे. आणि ती नकळत झालेली पाहिजे."

मी बसले.

तिनं उत्तर लिहून ठेवलं होतं. उरवड्याचा कागद केला त्याच दिवशी रांगेत खरा दम्याचा एक रोगी होता, तोही तिनं हुडकला होता. उत्तरात लिहिलं होतं: "चिठ्ठ्या वाचून देण्याचं काम माझ्याकडं होतं, मी नवीन असल्यानं ह्या कागदासाठी त्या दम्याच्या रोग्याची चिठ्ठी वाचली, आणि माझ्या वाचण्यावरून कारकूनबाईंनी चुकीचा नंबर लिहिला. थुंकीच्या रिपोर्टाप्रमाणे शून्य-अकरा हाच खरा." खाली सही. तिची.

"आणि बाकीचे सात?" मी विचारलं. एवढंच सुचलं.

"त्यांना एकेक करून पुन्हा तपासायला बोलवू. डॉक्टरांनी नव्यानं बघितलं, नव्या तारखेला नवं निदान लिहिलं, की पुढं नवा नंबर लागतो. आधीचं तात्पुरतं होतं असं धरतात. उरवड्याच्या कागदाला त्याच तारखेचा रिपोर्ट लावलाय, म्हणून तिथं ते चालत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ताई, नंबर ओरडायचा कशाला? कागदाच्या आतल्या बाजूला लिहू आणि दुमडून आत देऊ. मग अकरा काय न् बारा काय, रांगेत कुणाला दिसणार?"

सहा वर्षं. सहा वर्षं मी लोकांचे रोग बदलत बसले आणि कागद दुमडायचं मला सुचलं नाही. त्या घडीला मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझी नोकरी वाचवत होती ती, आणि मला वाटत होतं, हे हिलाच का सुचावं?

उत्तर डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ह्या खेपेला वाचलं. दोनदा वाचलं. चष्म्यावरून आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय ते त्यांना कळलं असावं. गठ्ठ्यावर न वाचता सह्या केल्या होत्या त्यांनीच.

"बाई, असंच झालं ना?"

ती माझ्या शेजारी उभी होती. तिचा वास यायचा एक, वेलचीचा, दुकानातला. मला बोलायला भरपूर वेळ होता. खिडकीबाहेर रांग कुरकुरत होती, कंपाउंडर बाटल्या लावत होता.

"हो," मी म्हटलं.

डॉक्टरांनी सही केली. ती स्वतः एसटीनं पुण्याला जाऊन कचेरीत पाकीट देऊन आली, टपालाचा भरवसा नको म्हणून. चौदाव्या दिवशी. त्याची लांब रजा मंजूर झाली. कारखान्याला तसा कागद गेला, त्यावर रोग नाही, नुसत्या तारखा, आणि नाव कमी करायचं थांबलं. त्या सातांनाही आम्ही दोन महिन्यांत एकेक करून बोलावून घेतलं. कागद दुमडून जाऊ लागले. वैशाखात उरवड्याला लग्न लागलं. मला आमंत्रण होतं, मी गेले नाही.

पण त्याच्या आधी, फाल्गुनात, तिची मुदत संपली होती. कायम करायचा कागद काही आला नाही. आलं ते असं: नोंदीत निष्काळजीपणा, रोग्याच्या रजेस त्यामुळे विलंब, सबब पुढे ठेवता येत नाही. तिच्याच सहीच्या उत्तराची नक्कल खाली जोडलेली. डॉक्टर त्या दिवशी लवकर निघून गेले. ती तिचं पेन, डबा, ओढणीची पिन असं एकेक पिशवीत भरत होती. मी आत जाऊन सांगू शकले असते. दुसऱ्या दिवशीही सांगू शकले असते, डॉक्टर कुठं पळून जाणार होते? पुण्याला अर्ज करू शकले असते. मी रजिस्टरात रेघा मारत बसले. पट्टी घेऊन, लाल शाईनं, महिनाभर पुरतील एवढ्या.

जाताना ती म्हणाली, "येते हं ताई."

"ये," मी म्हटलं.

ती गेली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू आता, ह्या वयात? आठवडाभर मला छान झोप लागली. आतून हाक यायची, "बाई, याचा नंबर काय?" आणि मी सावकाश पुस्तक उघडायची. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की डॉक्टर आतून हाक मारायच्या आधी जरासे थांबतात. तेवढ्या वेळात त्यांना ती आठवत असणार. झालं, पुन्हा सुरू. गेलेल्या माणसावर जळणं फार वाईट, त्याला बघून तोंड तरी फिरवता येत नाही.

पावसाळ्यात एका सकाळी उरवड्याची नवरा-बायको दोघं आली. तो चालत आला होता, स्वतःच्या पायानं. गाल भरले होते. औषध अजून वर्षभर घ्यायचं होतं, पण हलक्या कामावर जाता येईल का, ते विचारायला डॉक्टरांकडं आला होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, जा. मी त्याचा कागद काढला. आतल्या बाजूला नंबर लिहिला. शून्य-अकरा. दुमडला.

बायको खिडकीशी उभी होती. गजातून हात आत घालून तिनं माझ्या टेबलाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग पुन्हा. मी म्हटलं, "अगं, हे काय करतेस?"

"करू द्या बाई. तुमी नसतासा तर ह्यो आज दिसला नसता." ती रडायलाच लागली. "त्या बारक्या बाई आल्या हुत्या आमच्याकडं, शिमग्याच्या आधी. चालत आल्या हुत्या. आमी म्हटलं, तुमी लई केलंसा आमच्यासाठनं. तर म्हणाल्या, मी कायबी केलं न्हाई, रजेचा कागद तर माझ्याच चुकीनं अडकला हुता. समदं तुमच्या बाईंनी निस्तारलं. म्हणाल्या, मी हितं नसले तरी गोळ्या चुकवू नगासा. त्या बाईंकडं जावा, लाजू नगासा, त्या तुमचं कुनाला कळू देनार न्हाईत." तिनं पदरानं डोळे पुसले. "म्हनून तर आमी येतोय बगा. न्हाईतर ह्यो कवाच गोळ्या सोडून बसला असता."

तो मागं उभा होता. त्यानंही हात जोडले.

"त्या बाई कुटं असत्यात आता?" बायकोनं विचारलं. "नोकरी लागली का त्यास्नी दुसरीकडं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. पौडला आहे म्हणून सांगावं, बाजारपेठेत दुकान आहे म्हणावं, आणि नंबर मी बदलला होता, फाईल मी दाबली होती, हात जोडायचे तर तिकडं जाऊन जोडा. ती दोघं माझ्याकडं बघत होती. असं कुणीतरी माझ्याकडं बघावं म्हणून सहा महिने माझा जीव जळत होता, आणि तेसुद्धा जाता जाता तीच देऊन गेली होती.

मी दुमडलेला कागद त्यांच्याकडं सरकवला.

"पुढच्या महिन्याला पंधरा तारखेला या," मी म्हटलं. "सकाळी लवकर या, म्हणजे रांग नसते."